भरतकाम मशीनचा भाजलेला मेंदू

ज्या गावात निम्म्या घरांच्या मागे भरतकामाच्या मशीनची खोली आहे, त्या गावात जुनं मशीन सुधारायला काढू नये. दुसरं काहीही काढावं. दाढ काढावी, भावकीतलं जुनं भांडण उकरून काढावं, पण मशीनचं झाकण काढू नये. आमच्या गावच्या माणसाला आजोबांची जन्मतारीख आठवणार नाही, पण आजोबांच्या मशीनला किती सुया होत्या हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. वर तुमच्या सुया चुकीच्या लावल्यात, हेही सांगेल.

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. मोठ्या माणसाला दिलेला शब्द दोन्ही बाजूंना सोयीप्रमाणे विसरता येतो. सात वर्षांच्या मुलाला दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि मी असा शब्द अख्ख्या दुसरीच्या वर्गाला देऊन बसलो होतो.

निवृत्त झालो तरी दर मंगळवारी शाळेत जाऊन मी दुसरीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. उपवासाचे दिवस लागण्याआधी सोंगं घेऊन जो कार्निव्हल करतात, त्याच्या रविवारी दुपारी गावातून मुलांची मिरवणूक निघते. यंदा आमचा वर्ग बायबलमधलं नोहाचं तारू, प्राण्यांच्या जोड्या घेऊन पुरातून तरलेलं जहाज, होऊन जाणार होता. प्रत्येकाने आवडेल तो प्राणी कागदावर काढायचा आणि तो त्याच्या झग्यावर छातीशी लावायचा, असं ठरलं. मुलांच्या आया म्हणाल्या, "रंगीत कापड कापून गोंदाने चिकटवू. एका संध्याकाळचं काम."

"गोंदाने?" मी म्हणालो. "या गावात? इथलं भरतकाम सातासमुद्रापार लागोसच्या लग्नांत मिरवतं, आणि इथली मुलं गोंदाने चिकटवलेली जनावरं घेऊन फिरणार? मी भरून देतो. प्रत्येकाचा प्राणी, त्याने काढलाय तसाच्या तसा."

आया एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलांनी टाळ्या पिटल्या. पुढचे दोन दात पडलेली फिलोमेना तेवढी टाळ्या न वाजवता म्हणाली, "नक्की ना, मास्तर?"

"नक्की," मी म्हणालो.

आमच्या घरामागच्या खोलीत माझ्या बायकोच्या, ट्राउडीच्या, मामाचं सहा हेडचं मशीन उभं आहे. सहा हेड म्हणजे एकच नमुना एका वेळी सहा कापडांवर भरला जातो. लोखंडाच्या बाबतीत मशीन ठणठणीत होतं. अडचण एवढीच की ते नमुना वाचतं फ्लॉपीवरून, आणि त्याचा फ्लॉपीचा खण निकामी झाला होता. फ्लॉपी घातली की म्हाताऱ्याने घसा खाकरावा तसा आवाज व्हायचा आणि पडद्यावर अक्षरं उमटायची: डिस्क नाही. मशीनच्या घशात डिस्क, आणि मशीन म्हणतंय डिस्क नाही. असा एक मुलगा दर वर्षी वर्गात असतो. त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो.

यावर उपाय म्हणून हल्ली एक छोटी पेटी मिळते. ती जुन्या खणाच्या जागी बसवायची. पुढून तिला पेन ड्राइव्ह लावायचा. मागच्या बाजूने ती मशीनला सांगत राहते, "मी फ्लॉपीच आहे हो." मशीन जुन्या पिढीतलं, भोळं. ते विश्वास ठेवतं.

ही पेटी मला ऱ्हाइन नदीपलीकडे, सरहद्दीपार स्वित्झर्लंडमधल्या एका दुकानात मिळाली. सायकलने गेलो, घेतली आणि पुलावरून परत येताना नियमाने वागायचं म्हणून आपल्या बाजूच्या जकातीच्या चौकीत स्वतःहून थांबलो. नियमाने वागणाऱ्याचं जे होतं ते माझं झालं. खिडकीत माझाच एक जुना विद्यार्थी बसला होता. अपूर्णांक त्याला कधी जमले नाहीत, म्हणून सरकारने त्याला टक्केवारीच्या कामावर बसवलं असावं.

"मास्तर, हे काय आहे?"

"फ्लॉपीचा खण."

त्याने पेटी उलटसुलट केली. "पण यात फ्लॉपी जायला फट नाही."

"जात नाहीच. तो खरा खण नाही. खण असल्याचं सोंग करतो."

"म्हणजे वस्तू एक आणि दाखवायची दुसरी?" त्याने पेन खाली ठेवलं. "मास्तर, असं जकातीच्या माणसासमोर बोलू नये. इथे वस्तू जी आहे तीच लिहावी लागते. सोंगाला आमच्याकडे रकाना नाही."

"अरे, कार्निव्हलचे दिवस आहेत."

"ते माणसांना, मास्तर. मालाला नाही."

शेवटी तिघा वरिष्ठांना फोन झाले. पेटीची नोंद "शिवणकामाचे साहित्य, इतर" अशी झाली आणि मी अंधार पडता पडता घरी आलो. ट्राउडी म्हणाली, "एवढ्या वेळात माझ्या आईचा हाताने हत्ती भरून झाला असता."

दुसऱ्या दिवशी मी मशीनचं झाकण उघडलं आणि अर्ध्या तासात खोलीत गाव जमलं. सर्वांत आधी आला शेजारचा रूडी. रूडी दूध डेअरीत वायरमन होता. त्याचं प्रत्येक वाक्य "मास्तर, मी काही बोलणार नाही" असं सुरू होतं आणि मग थांबत नाही.

"मास्तर, मी काही बोलणार नाही, पण ती पट्टीची वायर उलटी लावताय."

"लाल कड डावीकडे असते, रूडी."

"तुमच्या डावीकडे की मशीनच्या डावीकडे?"

हा प्रश्न मी मुलांना आरशासमोर उभं करून कितीतरी वेळा शिकवला आहे. तरी क्षणभर थांबलो, हे रूडीने पाहिलं. मग बेकरीवाल्याने सांगितलं की त्याच्या वडिलांच्या मशीनला वायरच नव्हती आणि काम तरीही उत्तम व्हायचं. आणखी कुणी म्हणालं, मशीनला आधी तेल द्या. त्यावर दुसरा म्हणाला, तेलामुळेच तर सगळं बिघडतं. मी वायर माझ्या डावीकडे लावली. पेटीवरचा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"दिवा तर छान लागलाय," बेकरीवाला म्हणाला.

"लुकलुकायला हवा," मी म्हणालो.

"मग मशीनच्या डावीकडे लावा," रूडी म्हणाला, "मी काही बोलत नाही."

मशीनच्या डावीकडे लावली. दिवा लुकलुकला. जमलेल्या लोकांनी रूडीच्या पाठीवर थाप मारली. मशीन माझं, पेटी माझी, जकात मी भरली, आणि पाठ थोपटली रूडीची.

आता पडद्यावर नमुन्याचं नाव यायला हवं होतं. आल्या त्या नुसत्या रेघोट्या. रूडीने मशीनचा मुख्य सर्किट बोर्ड, म्हणजे त्याचा मेंदू, बाहेर काढला. त्यावर मामाच्या काळापासूनचं तेल आणि धाग्यांचा भुसा बसून गोधडीसारखा थर झाला होता.

"धुवावा लागेल," रूडी म्हणाला.

"मेंदू धुवायचा?" ट्राउडी दारातून म्हणाली. "करा. तुम्हा दोघांच्याही उपयोगी पडेल."

बोर्ड आम्ही स्पिरिटने पुसला, शुद्ध पाण्याने धुतला. मग प्रश्न आला वाळवायचा. फेब्रुवारीचे दिवस. बाहेर ठेवला तर बर्फ व्हायचा. रूडीचा सल्ला असा की ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर दिवसभर ठेवावा, दार थोडं किलकिलं ठेवून. बोर्ड लांबलचक. तो मावेल असं घरात एकच भांडं होतं, ट्राउडीचं रोस्टचं मोठं भांडं. धूळ बसू नये म्हणून तिने वरून चांदीचा कागद लावला आणि त्याला काट्याने भोकं पाडली. गुरुवारी सकाळी भांडं ओव्हनमध्ये गेलं.

आता हा गुरुवार साधा गुरुवार नव्हता. कार्निव्हलच्या रविवारआधीचा, आम्ही ज्याला उड्यांचा गुरुवार म्हणतो तो होता. या दिवशी आमच्याकडे एकमेकांच्या घरातलं रोस्ट, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं मांस, गमतीने चोरतात. ओव्हनमधून भांडं गायब व्हायचं, कुणाच्या तरी घरी त्यावर ताव मारला जायचा आणि रिकामं भांडं यथावकाश परत यायचं. नियम कडक आहेत. त्या दिवशी मागच्या दाराला कडी लावायची नाही. लावली तर माणूस चिक्कू ठरतो. ज्याचं चोरीला जाईल त्याने हसायचं. कोणी नेलं म्हणून विचारायचं नाही. विचारलं तर सात पिढ्या नाव निघतं.

आम्ही दोघंही याच गावात वाढलो. ट्राउडीने मुद्दाम रोस्ट केलंच नव्हतं. नूडल्स केल्या होत्या, चीज घालून. "या वर्षी आपल्याकडे चोरण्यासारखं काही नाही," ती समाधानाने म्हणाली. कडी काढून ठेवली आणि मला नमुन्यांचे धागे लावायला मदत करायला मागच्या खोलीत आली. आमच्या स्वयंपाकघरात ऊबदार ओव्हन होता, त्यात रोस्टचं सर्वांत मोठं भांडं होतं, वर चांदीचा कागद होता, आणि हे सगळं आमच्या डोळ्यांना दिसूनही दिसलं नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं. लहान मुलाने लगेच विचारलं असतं, "भांड्यात काय आहे?"

परत आलो तेव्हा ओव्हन रिकामा होता.

ट्राउडी आधी मोठ्याने हसली. ती सवय असते. मग तिचं हसणं विझलं.

"गेबहार्ट," ती म्हणाली, "मुलांचे प्राणी."

सगळे प्राणी मी रात्रंदिवस बसून संगणकावर टाक्यांत उतरवले होते. पेन ड्राइव्ह तयार होता, पेटी तयार होती. मेंदूशिवाय ते सहाही हेड म्हणजे नुसती लोखंडाची कवटी. आणि रविवारला उरले होते दोन दिवस.

विचारायची सोय नव्हती. मी टोपी घातली आणि नुसता फिरायला निघालो. जिथे रोस्टचा वास येत होता ती घरं सोडून दिली. त्यांचं काम झालं होतं. जिथे वास येत नव्हता तिथे रेंगाळलो. लोक दारातून हाका मारत होते, "काय मास्तर, गेलं का यंदा?" मी हसत होतो. हसून हसून गालफडं दुखायला लागली. बेकरीत मला एक युक्ती सुचली. चोराला विचारायचं नाही, पण सूचना द्यायला कुठे बंदी आहे? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ज्याने कुणी नेलं असेल, त्याने चावू नये म्हणजे झालं."

बेकरीत हशा पिकला. तासाभरात गावभर बातमी झाली की ट्राउडी आल्गेचं रोस्ट चाववत नाही, खुद्द नवराच सांगतोय. संध्याकाळपर्यंत ट्राउडीला दोघींनी फोन करून, मांस आदल्या दिवशी ताकात भिजवावं म्हणजे मऊ होतं, हे समजावून सांगितलं. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आमच्या संसारात तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"मी न केलेलं रोस्ट," ती म्हणाली, "चिवट म्हणून गाजतंय."

शुक्रवारी सकाळी दारावर थाप पडली. दारात फिट्झसाहेब. नव्वदी पार केलेले, काळा कोट, काठी, ताठ कणा. एकेकाळी माल फार झाला आणि भाव पडले की सगळ्या गावाने ठरलेल्या वेळी मशीनं बंद ठेवायची असा नियम होता. तो मोडणाऱ्याला पकडायला तपासनीस होते. त्यांतले फिट्झसाहेब शेवटचे. रविवारी, सणावारी ते गल्ल्यांतून हिंडत आणि भिंतींना कान लावत. ब्लँकेटं लावून खिडक्या बंद केल्या, तळघरात मशीन चालवलं, तरी या माणसाला ऐकू जायचंच. अजूनही ते रस्त्याने आले की म्हाताऱ्या बायका सवयीने शिवणयंत्रावरचा पाय थांबवतात.

"आल्गे मास्तर," ते म्हणाले, "मी तक्रार घेऊन आलोय."

"या ना, फिट्झसाहेब. कुणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध. काल दुपारी मी तुमच्या घरी चोरी केली. माल सदोष निघाला."

ट्राउडीने खुर्ची पुढे सरकवली. त्यांना नाही, मला. मी बसलो.

"तुम्ही? तुम्ही नेलंत?"

"का? मी चोरू नये?" फिट्झसाहेबांचा आवाज चिरकला. "जन्म गेला मास्तर. नोकरीत असताना तपासनिसाने चोरी करायची नाही. निवृत्त झालो, तर लोक म्हणणार, याच्यासमोर हसायचं तरी कसं? माझ्या घरचं रोस्ट आजवर कुणी चोरलं नाही. एकदाही नाही. दर वर्षी मागचं दार उघडं टाकून बसायचो आणि संध्याकाळी एकटाच खायचो. या वर्षी म्हटलं, निदान आपण तरी कुणाचं चोरावं. भांडं उचललं, धापा टाकत घरी नेलं, कागद काढला, आणि आत काय? हिरवी पाटी! तिच्यावर मुंग्यांसारखे काळे किडे. मी म्हटलं, मास्तरांनी आपल्यासाठी सापळा लावला."

"सापळा नाही हो. तो मशीनचा मेंदू आहे. तो मला आत्ताच्या आत्ता हवाय. दुसरीच्या मुलांचे प्राणी..."

"मिळेल," ते म्हणाले. "रोस्ट पोचवल्यावर."

"पोचवल्यावर?"

"मी रोस्ट चोरलं होतं. अजून मिळालेलं नाही. चोरी अर्धवट आहे."

"मग आज रात्री पुन्हा चोरा," ट्राउडी म्हणाली. "मी भांडं खिडकीत ठेवते."

फिट्झसाहेब दुखावले गेले. "बाई, गुरुवार संपला. आज उचललं तर ती चोरी होईल."

"बरं, मी करून पाठवते. आजच."

"आज शुक्रवार. शुक्रवारी मी मांस खात नाही. उद्या बारा वाजता. आणि मास्तर, गरम हवं."

मी त्यांना मुलांची नावं सांगितली. मिरवणुकीची वेळ सांगितली. एक प्राणी भरायला किती वेळ लागतो ते सांगितलं. फिलोमेनाच्या पडलेल्या दातांपर्यंत सगळं सांगून झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण ऐकण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले आणि काठी टेकत गेले.

शनिवारी ट्राउडीने जे रोस्ट केलं, ते केवळ मांस नव्हतं, ती अब्रूची फिर्याद होती. पहाटेपासून ती ओव्हनपाशी बसून दर थोड्या वेळाने त्यावर रस्सा ओतत होती. पावणेबाराला तिने भांडं माझ्या हातात दिलं. "सांडू नकोस. आणि वाटेत कुणी विचारलं तर मऊ आहे म्हणून सांग."

शनिवारी दुपारी सगळं गाव मिरवणुकीच्या तयारीसाठी रस्त्यावर होतं. त्या सगळ्या गावातून मी हातात वाफाळतं रोस्ट घेऊन चोराच्या घराकडे चाललो होतो. गावाच्या इतिहासात रोस्ट या दिशेने कधी गेलं नसेल.

"मास्तर, उलटं चाललंय!" बेकरीवाला ओरडला. "चोर येतो, मालक जात नाही!"

"मास्तर, मी काही बोलत नाही," रूडी म्हणाला आणि माझ्याबरोबर चालायला लागला, "पण हल्ली घरपोच चोरी सुरू केलीत का?"

"मऊ आहे," मी सगळ्यांना सांगत होतो. "फार मऊ आहे." जन्मभर कमावलेलं मास्तरपण त्या रस्त्यावर रश्शासारखं थेंब थेंब सांडत होतं.

फिट्झसाहेबांनी टेबल मांडलं होतं. इस्त्रीची चादर, दोन ताटं, दोन पेले. मी दारातूनच मेंदू मागितला. ते म्हणाले, "बसा. चोरीचं रोस्ट एकट्याने खायचं नसतं. एवढं तर मलाही माहीत आहे."

दुसरं ताट माझ्यासाठी होतं हे मला तेव्हा उमगलं. मी बसलो. त्यांनी एकेक घास असा खाल्ला की जणू त्यावर निकाल लिहून द्यायचा आहे. भिंतीवरचं घड्याळ एकाला आलं, सव्वाला गेलं. मी खुर्चीच्या काठावर. पण खोटं कशाला बोलू, तो म्हातारा डोळे मिटून चावताना इतका सुखी दिसत होता की मी दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं.

"मऊ आहे," शेवटी ते म्हणाले. "गावाला सांगा, मी म्हणालो म्हणून."

मग त्यांनी चुलीशेजारच्या उबदार बाकावरून एक टॉवेल उचलला. त्यात गुंडाळलेला मेंदू दोन दिवस तिथे पडून खडखडीत वाळला होता. आमच्या ओव्हनमध्ये तो इतका चांगला वाळला नसता.

दुपारी तीनला रूडीने बोर्ड बसवला. पडद्यावर पहिल्यांदाच नमुन्याचं नाव नीट आलं: बेडूक. मी कळ दाबली आणि सहाही हेड एकदम धडधडले.

"सहा?" ट्राउडी म्हणाली. "आपल्याला एकच बेडूक हवाय ना?"

एकेक हेड बंद करायची बटणं असतात. ती तेलाने जागच्या जागी थिजली होती. रूडीने काही न बोलता खांदे उडवले. यावरून परिस्थिती किती बिकट होती हे कळावं. बटणं सोडवायला वेळ नव्हता. म्हणून बेडूक सहा, हत्ती सहा, पाणघोडे सहा. नोहाला प्रत्येकाची जोडी पुरली. मी अख्खे कळप काढत होतो.

अंधार पडला तेव्हा निम्मा वर्ग झाला होता. रात्री मशीन चालवलं तर शेजाऱ्यांची झोप जाते, म्हणून थांबलो. उरलेलं काम रविवारी सकाळी. आणि रविवारी सकाळी, चर्चच्या घंटेच्या वेळी, आमच्या गावात मशीन चालवायचं म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. तरी मी कळ दाबली. भिंती हादरायला लागल्या, खिडकीची काच वाजायला लागली.

घोडा संपून कासव चालू होतं, तेव्हा फाटकापाशी दोघं दिसली. एक कोर्नेलिया, ग्रामपंचायतीची व्यवस्था अधिकारी, पिवळं जाकीट घालून. तीही माझीच विद्यार्थिनी, शिस्तीत पहिली. दुसरे फिट्झसाहेब. काळा कोट, आणि डोक्यावर तपासनिसाची जुनी टोपी.

"संपलं," मी ट्राउडीला म्हणालो. माझा हात बंद करायच्या कळीवर गेला. अजून कितीतरी मुलं बाकी होती. फिलोमेनाचं कासव अर्धं झालं होतं, नुसती पाठ, पाय नाहीत.

"थांब जरा," ट्राउडी म्हणाली आणि खिडकी थोडी उघडली.

"फिट्झसाहेब," कोर्नेलिया म्हणत होती, "तक्रार आली आहे. रविवारी सकाळी मशीन चालू आहे म्हणून."

"कुठे?"

"इथे! ऐका ना."

फिट्झसाहेबांनी टोपी काढली. आमच्या भिंतीला कान लावला. डोळे मिटले. आत सहा हेड असे कोसळत होते की भिंतीचा गिलावा त्यांच्या कोटाच्या कॉलरवर पडत होता. त्यांनी कॉलर झटकली.

"काही चालू नाही," ते म्हणाले.

"अहो, काच वाजतेय!"

"वारा आहे."

"झाडाचं पान हलत नाहीये, साहेब."

"पोरी," फिट्झसाहेबांनी टोपी डोक्यावर चढवली, "या गावातली एकूण एक भिंत मी ऐकली आहे. या घरात मशीन बंद आहे. तू कधी कुठल्या भिंतीला कान लावला आहेस?"

कोर्नेलियाने त्यांच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं, तिथे मी तोंड उघडं टाकून उभा होतो. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तर बंदच असेल." आणि जाता जाता आवाज चढवून म्हणाली, "बंद आहे ते दीडच्या आत संपवा, मास्तर! दोनला रस्ता मोकळा हवाय!"

दीडला शेवटचं पाखरू मशीनवरून उतरलं. आया सुईदोरा घेऊन तयारच होत्या. दोनला तारू निघालं.

प्रत्येकाला स्वतःचा प्राणी सहा वेळा मिळाला होता. एक छातीवर लावून झाल्यावर उरलेल्या पाचांचं काय करायचं हे मुलांना कुणी सांगावं लागलं नाही. चर्चच्या चौकात पोचेपर्यंत बाजार भरला. दोन बेडकांना एक पाणघोडा. कासव मागणाऱ्यांची रांग लागली होती. फिलोमेना त्या रांगेसमोर गंभीर चेहऱ्याने उभी राहून प्रत्येकाला विचारत होती, "नक्की हवंय ना?" सर्वांत जास्त भाव होता गांडुळाला. ते लाउरिनने काढलं होतं, कारण चित्राच्या तासाला तो उशिरा आला होता आणि एक रेघ ओढण्याएवढाच वेळ उरला होता. आता जो तो त्याच्या मागे लागला होता. मिरवणूक संपली तेव्हा एकेका पोराच्या अंगावर सगळं जंगल होतं. माझ्याकडे बघायला कुणालाही वेळ नव्हता. शिक्षकाला याहून मोठी पावती मिळत नसते.

फिट्झसाहेब माझ्याशेजारी रस्त्याच्या कडेला उभे होते. टोपीवर एक गांडूळ टाचलेलं. ते त्यांनी कुणाकडून आणि कशाच्या बदल्यात मिळवलं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

"मास्तर," मिरवणुकीकडे बघतच ते म्हणाले, "गुरुवारी चोरी केली. आज धडधडीत खोटं बोललो."

"हो, साहेब."

"राखेचा बुधवार येऊन उपवास लागायला अजून सोमवार आणि मंगळवार आहेत ना?" त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्याकडे झुकले. "तुम्ही शिकलेले आहात. आणखी काय काय करता येतं?"